हिमालयन ट्रस्ट : अर्जदारांनी घडविलेली संस्था

एखाद्या संस्थेचा इतिहास लिहावयास बसले म्हणजे प्रथम तिची घटना, नोंदणीचा दाखला, पहिल्या सभेचे इतिवृत्त आणि आद्य विश्वस्तांची नामावळी यांची जुळवाजुळव करावी, असा आपल्याकडील रिवाज आहे. परंतु नेपाळातील सोलुखुंबू जिल्ह्यात साठाहून अधिक वर्षे शाळा, दवाखाने, पूल आणि रोपवाटिका यांचा व्याप सांभाळीत आलेल्या हिमालयन ट्रस्टच्या बाबतीत तो फारसा उपयोगी पडत नाही. संस्थेचे स्थापनावर्ष म्हणून १९६० हे साल सांगितले जाते, हे खरे. तथापि तिची आरंभीची कामे गिर्यारोहण-मोहिमांच्या खाती जमा झाली, नाव लोकांच्या तोंडी मागाहून बसले, आणि तिचा कारभार रीतसर दफ्तरी उतरण्यास आणखी पुष्कळ काळ जावा लागला. म्हणून या संस्थेचा इतिहास तिच्या ठरावांतून न शोधता, तिच्यापुढे आलेल्या अर्जांतून शोधावा लागतो. आणि ते अर्ज ज्याच्या हाती पडत, त्या उंचनिंच, ओबडधोबड बांध्याच्या न्यूझीलंडवासी गृहस्थाच्या चरित्रातून तो वेगळा काढता येत नाही.

एडमंड हिलरी यांचा जन्म २० जुलै १९१९ रोजी ऑकलंड येथे झाला आणि बालपण तुआकाऊ या लहानशा गावी गेले. वडील पर्सिव्हल हिलरी पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीच्या रणांगणावर लढून आलेले, करड्या शिस्तीचे आणि स्वतंत्र मतांचे गृहस्थ होते. मधमाश्या पाळणे हा कुटुंबाचा व्यवसाय होता, आणि एडमंड व त्यांचा धाकटा भाऊ रेक्स हे दोघे उन्हाळाभर पोळ्यांच्या पेट्या उचलण्यात वाढले. पुढे ज्या पाठीने आणि खांद्यांनी हिमालयात ओझी वाहिली, ती याच पेट्यांखाली तयार झाली. दुसऱ्या महायुद्धात न्यूझीलंडच्या हवाई दलात ते दिशादर्शक (नॅव्हिगेटर) म्हणून कॅटॅलिना जातीच्या विमानांवर होते आणि १९४५ मध्ये एका नौकेला आग लागून भाजून निघाले. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील बर्फाच्छादित पर्वतांनी त्यांना त्यापूर्वीच ओढून घेतले होते. १९४८ च्या आरंभी हॅरी एअर्स या निष्णात मार्गदर्शकाबरोबर माऊंट कुकच्या दक्षिण धारेवर त्यांनी प्रथम चढाई केली, आणि १९५१ मध्ये गढवालात आलेल्या न्यूझीलंडच्या चमूतून ते एरिक शिप्टन यांच्या एव्हरेस्ट-टेहळणीत सामील झाले. १९५३ ची कथा मराठी वाचकास तोंडपाठ आहे. कर्नल जॉन हंट यांच्या नेतृत्वाखालील त्या अवाढव्य मोहिमेत २९ मे रोजी सकाळी साडेअकराच्या सुमारास हिलरी आणि तेनसिंग नोर्गे शिखरावर उभे राहिले. आधी कोणाचे पाऊल पडले या वादात दोघांनीही प्रथम मौन पाळले, आणि ते मौन या लेखातही पाळण्यास हरकत नाही.

शिखरानंतर काय, हा प्रश्न मात्र अशा माणसापुढे उभा राहतोच. हिलरी यांनी प्रथम त्याचे उत्तर दुसऱ्या साहसात शोधले. राष्ट्रकुलाच्या अंटार्क्टिका-पार मोहिमेत त्यांचे काम वस्तुतः दुय्यम होते : ब्रिटिश नेते व्हिव्हियन फुक्स हे पलीकडच्या किनाऱ्याहून निघून खंड ओलांडतील, त्यांच्यासाठी अलीकडच्या बाजूने वाटेत रसदीची ठाणी मांडून ठेवावयाची, एवढाच हुकूम. परंतु ठाणी मांडून झाल्यावर परत फिरणे त्यांच्या स्वभावात नव्हते. फर्गसन बनावटीचे शेतीचे ट्रॅक्टर, त्यांना पोलादी पट्टे चढवून, त्यांनी तसेच पुढे हाकले आणि ४ जानेवारी १९५८ रोजी, फुक्स यांच्या सुमारे पंधरा दिवस आधी, दक्षिण ध्रुव गाठला. कॅप्टन स्कॉट यांच्यानंतर खुष्कीच्या मार्गाने तेथे पोहोचणारा हा पहिलाच जथा. लंडनमध्ये या आगाऊपणाबद्दल नाराजी झाली. हुकुमाच्या चौकटीबाहेर पाऊल टाकण्याची ही खोड लष्करी मोहिमेत दोष ठरली असती; पुढे लोकोपयोगी कामात तीच गुण ठरली, असे आमचे मत आहे.

१९६० च्या शरदात हिलरी जी मोहीम घेऊन सोलुखुंबूच्या वरच्या भागात, म्हणजे खुंबूमध्ये, आले, ती शास्त्र, साहस आणि जाहिरात यांची चमत्कारिक मिसळ होती. अमेरिकेतील वर्ल्ड बुक ज्ञानकोशाच्या प्रकाशकांनी तिचा खर्च उचलला होता. डॉ. ग्रिफिथ पग यांच्या देखरेखीखाली काही शरीरशास्त्रज्ञांनी एका रुपेरी खोपटात, सुमारे एकोणीस हजार फुटांवर, हिवाळाभर राहून विरळ हवेचे मानवी देहावरील परिणाम अभ्यासावयाचे. दुसऱ्या बाजूस यतीचा, म्हणजे हिममानवाचा, शोध घ्यावयाचा. आणि वसंतात प्राणवायूच्या नळ्यांवाचून मकालू शिखरावर चढावयाचे. यतीच्या शोधाने वर्तमानपत्रांना मजकूर पुरविला. खुमजुंग गावच्या गोंपात, म्हणजे बौद्ध मठात, जपून ठेवलेली, यतीच्या मस्तकाची म्हणून पूजिली जाणारी टोपीसारखी कातडी हिलरी यांनी तपासणीसाठी मागितली. गावकऱ्यांनी ती ठराविक मुदतीत परत करण्याच्या अटीवर आणि गावचा मातबर खुंजो चुंबी सोबत जाईल या बोलीवर दिली. शिकागो, पॅरिस आणि लंडन येथील विद्वानांनी ती हिमालयात आढळणाऱ्या सेरो नावाच्या शेळीवर्गीय जनावराच्या चामड्याची ठरविली, आणि कातडी मुदतीत गोंपात परत पोहोचली. यती सापडला नाही. मकालूवर तर मोहिमेची धूळधाण झाली : हिलरी स्वतः आजारी पडून खाली आणले गेले, त्यांचे जिवलग मित्र पीटर मलग्रू उंचीवर कोसळले आणि हिमदंशाने पुढे त्यांचे दोन्ही पाय गुडघ्याखाली गमवावे लागले. मधल्या काळात चमूतील चौघांनी परवान्यावाचून आमा दब्लाम शिखर सर केले, त्याबद्दल नेपाळ सरकारने डोळे वटारले आणि दंड वसूल केला. मोहीम म्हणून हिशेब मांडला, तर शरीरशास्त्राच्या खात्यातील मोलाची जमा सोडल्यास बाकी खर्चच अधिक दिसतो.

परंतु याच मोहिमेच्या अवकाशात शेर्पांशी झालेल्या गप्पांत हिलरी यांनी सहज विचारले, की आम्ही तुमच्यासाठी काय करावे. आणि उत्तरात पैसा, कपडे वा धान्य न मागता शेर्पांनी मुलांसाठी शाळा मागितली. दार्जिलिंगला कामधंद्यासाठी जाऊन आलेल्या शेर्पांनी लिहिता-वाचता येणाऱ्याचा भाव काय असतो, हे पाहिले होते. १९५९ नंतर तिबेटची सरहद्द आवळली गेल्यामुळे नांगपा ला खिंडीतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला मीठ-लोकरीचा व्यापारही आटत चालला होता, आणि ओझी वाहण्यापलीकडे पुढच्या पिढीने काय करावयाचे, ही चिंता गावच्या वडीलधाऱ्यांना होती. हिलरी यांनी वर्ल्ड बुकच्या संचालकांकडून रक्कम मिळविली. कलकत्त्याच्या इंडियन अॅल्युमिनियम कंपनीने जोडून उभी करता येईल अशी पत्र्यांची इमारत देणगीदाखल दिली. तिबेटी निर्वासितांच्या मदतीसाठी मिंगबो येथे तयार झालेल्या चिमुकल्या धावपट्टीवर रेड क्रॉसच्या विमानाने तिचे सुटे भाग उतरविले. आणि दार्जिलिंगहून तेम दोर्जे हे शेर्पा शिक्षक आले. सुमारे साडेबारा हजार फूट उंचीवरील खुमजुंगमध्ये जून १९६१ मध्ये ती शाळा उघडली. उद्घाटनाला लामांनी धार्मिक विधी केला, आणि गालांवर थंडीचे ओरखडे घेऊन आलेली, कधी पाटी न पाहिलेली मुले पत्र्याच्या भिंतींच्या आत दाटीने बसली.

येथून खरा इतिहास सुरू होतो. खुमजुंगला शाळा मिळाली, ही वार्ता डोंगराळ मुलखात पसरावयास वेळ लागला नाही, आणि पुढच्या खेपेपासून हिलरी यांच्या तंबूपुढे निरनिराळ्या गावांचे पंच पांढऱ्या रेशमी खाता, म्हणजे सन्मानाची उपरणी, आणि छांग या स्थानिक मद्याची भांडी घेऊन, आणि कोणा लिहिणाऱ्याकडून लिहवून आणलेला, अंगठे उमटविलेला अर्ज हाती घेऊन रुजू होऊ लागले. आमच्या गावी शाळा द्यावी. आमच्या नदीवरील पूल दर पावसाळ्यात वाहून जातो, तो बांधून द्यावा. आमच्या बायका पाण्यासाठी उतार उतरून जातात, तरी नळ घालावा. या अर्जांवर निर्णय घेण्याची हिलरी यांची पद्धत ठरून गेली होती. गावाने जागा द्यावी, दगड फोडून आणावेत, लाकूड वाहून आणावे, मजुरीचा आपला वाटा उचलावा. पत्रे, खिळे, काच, सिमेंट, शिक्षकाचा पगार आणि कुशल कारागीर यांची तरतूद संस्थेने करावी. अर्ज नसेल, तर काम नाही. परकीय मदतीच्या नावाखाली साऱ्या आशिया-आफ्रिकेत त्या काळी जे प्रकल्प उभे राहात होते, त्यांतील बहुतेकांची तजवीज राजधानीत किंवा परदेशातील मेजावर होत असे आणि लाभार्थ्यांस ती मागाहून कळविली जात असे. खुंबूमध्ये मागणी खालून वर गेली, आणि ज्याने मागितले त्यानेच पाठीवर दगड वाहिले, म्हणून ती शाळा त्याची झाली. संस्थेच्या दीर्घायुष्याचे कारण विचाराल, तर आम्ही हिलरी यांच्या कीर्तीपेक्षा या साध्या वहिवाटीकडे बोट दाखवू.

१९६३ मध्ये पांगबोचे आणि थामे येथे शाळा झाल्या आणि खुमजुंगला नळाने पाणी आले. त्याच वर्षी वाटेत देवीच्या साथीने गाठले, तेव्हा मोहिमेने बांधकामाचे सामान बाजूस ठेवून लस मागविली आणि गावोगावच्या हजारो माणसांस टोचले; दवाखान्याची निकड ही अशी डोळ्यांपुढे उभी राहिली. परंतु दवाखाना बांधावयाचा तर सामान आणावयाचे कसे? काठमांडूहून खुंबूपर्यंतची पायवाट दोन आठवड्यांची, आणि सामान हमालांच्या पाठीवर. म्हणून १९६४ मध्ये धावपट्टीचा विचार झाला. दूधकोशी नदीच्या काठची सपाट जमीन सोयीची होती, परंतु ती पिकाऊ शेते देण्यास शेतकरी राजी झाले नाहीत, आणि ते योग्यच होते. तेव्हा वरच्या अंगाला, सुमारे नऊ हजार तीनशे फुटांवर, लुक्ला येथील उताराची जमीन शेर्पांकडून विकत घेण्यात आली. उतार काढून टाकणे शक्य नव्हते, म्हणून उतारासहच धावपट्टी केली : विमान चढणीवर उतरावे म्हणजे आपोआप थांबते, आणि उतरणीवर सुटावे म्हणजे वेग येतो. जमीन चोपून घट्ट करण्याचे यंत्र कोठून आणावयाचे? हिलरी यांनी शेर्पांना हातात हात गुंफून त्यांचा पाय आपटीत नाचण्याचा प्रघात त्या मातीवर चालवावयास सांगितला, आणि काही दिवसांच्या नाचाने माती बसली.

लुक्ला धावपट्टीविषयी गौरवाचे चार शब्द लिहून पुढे जाणे सोपे आहे. इतिहासकाराने तसे करू नये. दवाखान्याची विटा-पत्र्यांची ने-आण व्हावी म्हणून जी वाट मोकळी केली, तिच्यावरून थोड्याच वर्षांत जगभरचे पर्यटक उतरू लागले. त्यांच्या चुलींसाठी आणि त्यांच्या हमालांच्या शेकोट्यांसाठी ज्युनिपरची झुडपे मुळासकट उपटली गेली. वाटेच्या कडेला डब्यांचे ढीग साचले. शेर्पांना पैसा मिळाला, तोही त्याच पट्टीवरून आला. हिलरी यांनी पुढे याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली, आणि आपले केलेले काम आपल्याच हातून वाढत-वाढत असे फिरेल, ही कल्पना आपणांस नव्हती असे ते म्हणत. आम्हांस वाटते, ही खंत प्रामाणिक होती. परंतु लुक्ला झाले नसते तर पर्यटक आले नसते, असेही मानण्याचे कारण नाही. एव्हरेस्टच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाला जगापासून लपवून ठेवणे कोणाच्याही हाती नव्हते. २००१ साली त्या पट्टीवर डांबर पडले, आणि २००८ मध्ये तिला तेनसिंग-हिलरी विमानतळ असे नाव मिळाले. महाराष्ट्रातील गिर्यारोहकांसही ही पट्टी अपरिचित नाही. पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेने उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली २०१२ साली एव्हरेस्टवर जी मोहीम नेली, ती याच वाटेने.

डिसेंबर १९६६ मध्ये खुंदे येथील दवाखाना उघडला. जॉन मॅकिनन आणि त्यांच्या पत्नी डायान हे पहिले डॉक्टर-दांपत्य. त्यांच्यानंतर न्यूझीलंड आणि कॅनडा येथून एकामागून एक तरुण डॉक्टर दोन-दोन वर्षांच्या मुदतीने येऊन तेथे राहिले. या दवाखान्याची मोठी कामगिरी शस्त्रक्रियेची नसून एका साध्या क्षाराची आहे. खुंबूच्या माती-पाण्यात आयोडीन नाही. त्यामुळे गळ्याला गलगंड झालेली माणसे घरोघर दिसत, आणि त्याहून भयंकर म्हणजे मुकी, बहिरी, बुद्धिमंद अशी मुले जन्मास येत. ऑकलंड विद्यापीठातील वैद्यकशास्त्रज्ञांच्या साह्याने आयोडीनयुक्त तेलाची टोचणी गावोगाव देण्यात आली, आणि त्या उपायाने पुढच्या पिढीत अशी मुले जन्मणे जवळजवळ थांबले. क्षयरोगाचे उपचार, बाळंतपणाची देखरेख, कुटुंबनियोजन ही कामे त्याच्या जोडीला चालू राहिली. उंचीच्या आजाराने पछाडलेले पर्यटकही पुढे त्याच दारात येऊ लागले.

आता या साऱ्या व्यापाच्या दफ्तराविषयी. संस्थेचे दफ्तर म्हणजे खुंदे गावचा मिंग्मा त्सेरिंग शेर्पा. हिलरी यांचा सरदार, म्हणजे मोहिमेतील शेर्पांचा मुकादम, पुढे जवळचा सहकारी आणि बांधकामांचा मुख्य मुनीम म्हणून त्याने तीसएक वर्षे काम पाहिले. त्याला लिहिता-वाचता येत नसे. कोणत्या गावास किती पत्रे गेले, कोणत्या हमालास किती देणे राहिले, कोणत्या शाळेचे तुळयांचे लाकूड अजून जंगलातच पडले आहे, कोणत्या पंचाने मागच्या वर्षी काय कबूल केले होते आणि आता काय म्हणतो, हे सर्व त्याच्या डोक्यात असे आणि त्यात चूक सापडत नसे, अशी साक्ष हिलरी यांनी वारंवार दिली आहे. त्याची पत्नी आंग दुली हिच्या चुलीभोवती हिशेब आणि तंटे मिटत. आजच्या लेखापरीक्षकास हा कारभार पाहून घाम फुटेल. परंतु ज्या मुलखात कागद हरवतात आणि शब्द टिकतात, तेथे हा मुनीम सोयीचा होता. संस्थेचे दुबळेपणही येथेच होते, हे नमूद केले पाहिजे : एक माणूस परदेशात पैसा जमवी आणि दुसरा माणूस स्मरणात खर्च ठेवी, आणि या दोघांपैकी कोणी नाहीसा झाला तर काय, याची तजवीज फार वर्षे झाली नाही.

पैसा जमविण्याची हिलरी यांची रीतही सरळ होती. आपल्या नावाची जगात किंमत आहे, ही गोष्ट त्यांना फारशी पटली नव्हती, परंतु ती किंमत वसूल करावयास त्यांनी मागेपुढे पाहिले नाही. अमेरिकेतील सिअर्स या व्यापारी पेढीचे तंबू आणि छावणीचे सामान तपासून देणे, व्याख्यानांचे दौरे, धनिकांच्या भोजनप्रसंगी उभे राहून एव्हरेस्टची तीच कथा पुन्हा सांगणे, यांतून जे मिळे ते खुंबूकडे जाई. कॅनडात त्यांच्या नावाची एक स्वतंत्र संस्था उभी राहिली आणि तिने खुंदे दवाखान्याचा भार उचलला. १९८१ मध्ये अमेरिकन हिमालयन फाऊंडेशन स्थापन झाले. जर्मनीत आणि ब्रिटनमध्येही भगिनीसंस्था झाल्या, आणि ब्रिटनमधील संस्थेचे नेतृत्व त्यांचे १९५३ चे सोबती जॉर्ज लो यांनी केले. उन्हाळी सुट्टीत स्वतः खुंबूत येऊन छपरावर बसून खिळे ठोकण्याचा नेम मात्र त्यांनी सोडला नाही. त्यांच्या पत्नी लुईझ आणि तिन्ही मुले, पीटर, सारा आणि बेलिंडा, ही या कामात घरचीच होती.

१९७५ साली सोलूच्या खालच्या भागात फाफ्लू येथे दुसरे रुग्णालय बांधण्याचे काम चालले होते. हिलरी बांधकामाच्या जागी होते. लुईझ आणि सोळा वर्षांची बेलिंडा काठमांडूहून विमानाने तेथे येणार होत्या. ३१ मार्च रोजी ते लहान विमान काठमांडूच्या धावपट्टीवरून उडताच कोसळले आणि त्यातील कोणीही वाचले नाही. विमान आले नाही म्हणून वाट पाहात उभ्या राहिलेल्या हिलरी यांना ही वार्ता हेलिकॉप्टरने आणली. पुढील काही वर्षांच्या त्यांच्या मनःस्थितीविषयी त्यांनी स्वतःच पुरेसे लिहिले आहे. येथे एवढेच सांगावयाचे, की फाफ्लूचे रुग्णालय पुरे झाले आणि कालांतराने नेपाळ सरकारच्या ताब्यात देण्यात आले.

भारताशी असलेला त्यांचा संबंध यानंतरच्या काळात अधिक घट्ट झाला. १९७७ मध्ये त्यांनी गंगेच्या मुखापासून उगमाकडे वेगवान नौकांतून जी यात्रा केली, तिच्यात प्रयाग, काशी, हृषीकेश येथे काठावर उभ्या असलेल्या अफाट लोकसमुदायाने त्यांचे जे स्वागत केले, त्याने ते भारावून गेले. नंदप्रयागाजवळच्या धबधब्याने नौका थांबल्या, आणि पुढे डोंगरावर चढत असता उंचीच्या आजाराने त्यांचा जीव धोक्यात आला. १९८५ ते १९८९ या काळात ते दिल्लीत न्यूझीलंडचे उच्चायुक्त होते आणि नेपाळचे कामही त्यांच्याकडेच असल्याने खुंबूच्या वाऱ्या अधिकृतपणे करता येऊ लागल्या. त्यांच्या दुसऱ्या पत्नी जून या त्याच पीटर मलग्रूंच्या विधवा. मलग्रू १९७९ मध्ये अंटार्क्टिकावरील विमान-अपघातात गेले, आणि त्या फेरीवर निवेदक म्हणून मुळात हिलरी यांचे नाव होते. २००८ साली भारत सरकारने हिलरी यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले.

जंगलाचे प्रकरण संस्थेच्या इतिहासातील सर्वांत नाजूक आहे. १९५७ मध्ये नेपाळ सरकारने जंगले राष्ट्राच्या मालकीची केली, तेव्हा गावाने नेमलेल्या रखवालदारांचा, ज्यांना शेर्पा शिंगी नावा म्हणत, वचक ढिला पडला; त्यात पर्यटकांची चूल आली. १९७६ मध्ये न्यूझीलंड सरकारच्या साह्याने सगरमाथा राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले, आणि त्याला हिलरी यांचा पाठिंबा होता. शेर्पांपैकी पुष्कळांना ते पसंत नव्हते. आपल्याच कुरणांतून आपणांस हुसकावतील अशी भीती त्यांना होती, आणि जो बडा साहेब शाळा घेऊन आला तोच आता पहारेकरी घेऊन आला, असे बोलणे गोंपाच्या ओसरीवर झाले. या ठिकाणी अर्ज खालून आला नव्हता, आणि हा विरोध त्याचेच फळ होता, असे आम्हांस वाटते. तो निवळला तो दोन गोष्टींमुळे : ट्रस्टने रोपवाटिका काढून गावांच्या सभोवार दहा लाखांहून अधिक रोपे लावली, आणि उद्यानाचे अधिकारी शेर्पा झाले. खुमजुंग शाळेतून शिकून न्यूझीलंडला जाऊन आलेले मिंग्मा नोर्बू शेर्पा हे उद्यानाचे प्रमुख अधिकारी नेमले गेले. २००६ मध्ये पूर्व नेपाळात हेलिकॉप्टर कोसळून त्यांचा अंत झाला, तोपर्यंत ते हिमालयातील निसर्गसंवर्धनाच्या क्षेत्रात मान्यता पावलेले होते.

शाळेच्या पहिल्या पिढीची गाथा अशीच आहे. आंग रिता शेर्पा यांनी ट्रस्टच्या काठमांडूतील कचेरीचा कारभार वर्षानुवर्षे सांभाळला आणि मिंग्माच्या स्मरणातील हिशेब कागदावर आणले. कामी तेंबा शेर्पा खुंदे दवाखान्यात साहाय्यक होते, फिजी बेटांतील वैद्यक महाविद्यालयात जाऊन डॉक्टर होऊन आले आणि त्याच दवाखान्याचे प्रमुख झाले. कोणी विमानाचे वैमानिक झाले. १९८९ च्या जानेवारीत तेंगबोचेचा गोंपा, नुकत्याच आलेल्या विजेच्या दोषाने, जळून खाक झाला, तेव्हा त्याच्या जीर्णोद्धारासाठी निधी जमविण्यात ट्रस्टने पुढाकार घेतला आणि १९९३ मध्ये नवी वास्तू उभी राहिली. विहार बांधणे आपल्या संस्थेचे काम आहे काय, असा प्रश्न कोणी विचारला असेल. तो गावकऱ्यांचा अर्ज होता, एवढे उत्तर पुरेसे असावे.

२००३ मध्ये, शिखरारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, नेपाळने हिलरी यांस सन्माननीय नागरिकत्व दिले. परदेशस्थास मिळालेला तो पहिलाच असा सन्मान. ११ जानेवारी २००८ रोजी ऑकलंड येथे त्यांचे निधन झाले आणि सरकारी इतमामाने अंत्यविधी झाला. तोवर ट्रस्टच्या नावे २७ शाळा, २ रुग्णालये आणि १२ दवाखाने असा आकडा सर्वत्र दिला जाऊ लागला होता. तथापि या इमारती बांधण्यापेक्षा चालविणे कठीण होते. शिक्षकांच्या पगाराचा मोठा वाटा सरकारने उचलल्यावर ट्रस्टने आपले लक्ष शिक्षकांचे प्रशिक्षण, वरच्या इयत्तांसाठी शिष्यवृत्त्या आणि पुस्तके यांकडे वळविले. हिलरी गेल्यावर जमाखर्चाचा भार न्यूझीलंडमधील मंडळाने सांभाळला, आणि शेर्पा तरुणांकडे निर्णयाचा अधिकार अधिकाधिक सोपविण्याची चाल पडली. त्या मुलखात पर्यटन आणि परदेशातील नोकरी या दोहोंच्या ओढीने मुले गाव सोडून जातात. पटावरची संख्या घटते, आणि ज्या गावाने दगड वाहून शाळा बांधली तिथे मुले पुरेशी नाहीत म्हणून वर्ग एकत्र करावे लागतात, ही आजची अडचण आहे. १९६१ मध्ये कोणी तिची कल्पनाही केली नसती.

२०१५ च्या २५ एप्रिल आणि १२ मे या दोन भूकंपांनी खुंबूतील अनेक घरे, शाळांच्या भिंती आणि गोंपा पाडले. दगड-मातीच्या जुन्या इमारतींची जागा भूकंपरोधक बांधकामाने घ्यावी म्हणून ट्रस्टने वर्गखोल्यांचे पुनर्बांधकाम हाती घेतले. या वेळी आराखडे अभियंत्यांनी काढले, आणि हिशेब ठेवण्यास संगणक आला. त्यानंतर १६ ऑगस्ट २०२४ रोजी थामेच्या वरच्या अंगाला असलेले हिमसरोवर फुटले, आणि त्या पुराने तेनसिंग यांच्या बालपणीच्या या गावातील घरे, आरोग्यकेंद्र आणि शाळा यांचा विध्वंस केला. खुमजुंगपाठोपाठ ज्या गावांना पहिल्या शाळा मिळाल्या, त्यांत हे एक होते. शाळा पुन्हा बांधावयाची झाली तर ती नदीकाठच्या त्याच जमिनीवर असू नये, हे आता उघड आहे. आणि तिच्यासाठी वरच्या उतारावर जागा काढावयाची, म्हणजे पुन्हा कोणाच्या तरी शेताचा प्रश्न पुढे येतो.